चौथ्या पानाचं जोडपान

१

आर्डिस टॉलेफसनने आयुष्यात कुणाचेही आभार एका ओळीत मानले नव्हते. त्यामुळे तिच्याच अंत्यविधीच्या पुस्तिकेत, नवव्या पानावर, ‘आभार’ या मथळ्याखाली एकच ओळ दिसली, तेव्हा चर्चच्या ऑफिसात उभी असलेली तिची मुलगी मारेन हळूच खुर्चीत बसली.

‘सर्वांचे आभार.’

एवढंच. खाली पानभर पांढरं.

मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या त्या गावात स्वतःच्या अंत्यविधीची तयारी स्वतःच करून ठेवायची रीत होती. कुठली गीतं म्हणायची, सँडविचमध्ये कुठला हॅम घालायचा, सगळं ठरवून ठेवायचं. मागच्यांना त्रास नको. आर्डिस तर चर्चची जुनी सेक्रेटरी. दर रविवारची पत्रिका, महिला मंडळाचं पाककृतींचं पुस्तक, गावातल्या प्रत्येक मयताची पुस्तिका तिनेच कॉम्प्युटरवर मांडलेली. स्वतःची ती दुसऱ्यावर कशी सोडेल? बारा पानांची पुस्तिका तिने आजारपणातच पुरी केली आणि तारखेची जागा तेवढी रिकामी ठेवली.

मारेन ओरेगनमध्ये ग्रंथपाल होती. दर रविवारी फोनवरून ती आईला पुस्तकाचं एक प्रकरण वाचून दाखवायची. शेवटचं पुस्तक अर्ध्यावर राहिलं. त्याच फोनवर आई म्हणाली होती, “पुस्तिकेचं नववं पान तुझ्यासाठी पण आहे. चर्चमध्ये वाच. आधी नाही.”

शनिवारी विधी होता. आज शुक्रवार. छापून झालेले कागद टेबलावर तीन गठ्ठ्यांत पडले होते. दुपारी महिला मंडळ येऊन ते एकात एक घालून टाचणार होतं. मारेनने घड्या बघायला म्हणून एक संच हातात घेतला आणि राहवलं नाही म्हणून नववं पान उघडलं.

“दमली असेल गं ती,” नवी सेक्रेटरी ब्रिटा म्हणाली. “शेवटी शेवटी खुर्चीत बसवत नव्हतं तिला.”

“ब्रिटा, माझी आई आभारपत्राला उत्तर आलं तर त्या उत्तराचे आभार मानणारं पत्र लिहायची.”

“ते खरंय,” ब्रिटा म्हणाली. “मी एकदा तिला गाजरं दिली होती. दोन पानं आली.”

“फाईल दाखव.”

पुस्तिका पडद्यावर आली. पानं सरळ होती, पण नवव्यावरची ओळ मधोमध असायची ती किंचित डावीकडे झुकली होती. मारेनने पडद्याच्या वरच्या पट्टीवरचं, उलट्या इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखं दिसणारं ते बटण दाबलं. दहा वर्षांची असताना आईने तिला मांडीवर घेऊन हे बटण दाखवलं होतं. एरवी न दिसणाऱ्या खुणा त्याने दिसतात: एंटर मारला की एक खूण, मोकळी जागा सोडली की एक ठिपका, पान जिथे मुद्दाम संपवलं तिथे आडवी तुटक रेघ. आई म्हणायची, “छापलेलं पान म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेला दिवाणखाना. हे बटण दाबलं की पलंगाखालचं दिसतं.”

आठव्या पानाशेवटी एक तुटक रेघ होती. दहाव्याशेवटी एक. आई पान असंच संपवायची, एका रेघेत. एंटर मारत मारत पान खाली ढकलणं तिला गलिच्छ वाटायचं.

नवव्या पानावर रेघ नव्हती. त्या एका ओळीखाली एंटरच्या खुणांची रांग पार तळापर्यंत गेली होती. आणि ओळीच्या आधी ठिपकेच ठिपके.

“काय झालं?” ब्रिटाने विचारलं.

“हे आईने लिहिलेलं नाही,” मारेन म्हणाली. “इथे दुसरं काहीतरी होतं. कुणीतरी ते उचललंय, आणि पुढची पानं हलू नयेत म्हणून भोक बुजवलंय.”

२

परत मिळवायला दुसरी प्रत नव्हती. आर्डिसच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि पेन ड्राईव्हसारख्या खिशात मावणाऱ्या वस्तूंवर तिचा विश्वास नव्हता. जे काही होतं ते या एका फाईलमध्ये होतं, आणि आता तिथे नव्हतं.

“तू वाचलं होतंस?” मारेनने विचारलं.

ब्रिटा लाल झाली. “शपथेवर नाही. ती म्हणाली होती, तारीख भर आणि छाप, वाचू नकोस. मी बुधवारी तारीख भरली, फाईल तशीच उघडी ठेवली आणि खाली सूप प्यायला गेले. काल छापलं.” मग हळूच म्हणाली, “खरं सांगू? मला भीतीच वाटत होती. मी एकदा ईस्टरच्या पत्रिकेची पानं उलटीपालटी छापली होती. ते तिने लिहिलं असेल म्हणून.”

“बुधवारी दुपारी वर कोण कोण आलं?”

“सगळेच. पास्टर प्रवचन छापायला आले. मिसेस क्विस्ट गायकांची यादी ठेवून गेल्या. ऑरिन कागद भरायला.”

तेवढ्यात दारात ऑरिन हेग्लंडच उभा राहिला. चर्चचा बॉयलर, छत, बर्फ आणि दारांच्या बिजागऱ्या बघणारा म्हातारा. एकटाच होता, आर्डिसच्या पलीकडच्या घरात राहायचा. हातात कागदाची खोकी होती.

“प्रिंटर नीट चालतोय का?” त्याने ब्रिटाला विचारलं. मारेनकडे बघून टोपीला हात लावला. “मारेन. वाईट झालं.”

“हो. आभारी आहे, ऑरिन.”

‘आभारी’ म्हटल्याबरोबर त्याने खिडकीबाहेर बघितलं. “बर्फ सुटतंय तळ्यावरचं,” तो म्हणाला.

“तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळतं का हो?” ब्रिटाने सहज विचारलं. “फाईलचा घोळ झालाय.”

“मला? सैन्यात सगळ्यांना बंदूक दिली, मला टेबल दिलं. म्हणजे माझी लायकी ओळख.” खोकी प्रिंटरशेजारी ठेवून, तिथे चिकटवलेली ‘झाकण आपटू नये’ ही पाटी बोटाने नीट दाबून तो निघून गेला.

पास्टर जोएल तरुण होते, गावात नवे. मारेनने विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मी आर्डिसना म्हणालो होतो की आभार थोडक्यात ठेवा. हे कबूल करतो.”

“का?”

“कारण या गावात कुणाचं नाव छापून घेणं म्हणजे त्याला सगळ्यांसमोर कपडे काढायला लावण्यासारखं आहे. मी आल्या आल्या मंचावरून एका बाईंचं कौतुक केलं. त्या तीन रविवार चर्चला आल्या नाहीत.”

“मग आई काय म्हणाली?”

“म्हणाल्या, ‘पास्टर, मी तर मेलेली असेन. माझ्याशी भांडणार कोण?’”

मारेनला हसू आलं.  पास्टर चष्मा चढवून म्हणाले, “मी फाईलला हात लावला नाही. माझ्या लिखाणात तुम्हाला एंटरची खूणसुद्धा सापडणार नाही. मी फोनवर बोलून लिहितो, मला परिच्छेदच पाडता येत नाहीत. ब्रिटाला विचारा, रडते ती.”

“आणखी एक, पास्टर. आईला हॉस्पिटलात नेण्याबद्दल. चर्चच्या व्हॅनची तुम्ही सोय केलीत, त्याबद्दल आभार मानायचं राहूनच गेलं होतं. मी—”

“व्हॅन?” पास्टर गोंधळले. “व्हॅनचं इंजिन तर पहिल्या बर्फातच गेलं. हिवाळाभर ती मागच्या अंगणात उभी आहे.”

३

दर मंगळवारी उपचार असत. दुलूथ शहरातल्या हॉस्पिटलापर्यंत जायला दोन तास, यायला दोन. मारेन फोनवर विचारायची, “कशी जातेस?” आई म्हणायची, “सोय होते.” “कुणाची?” “होते गं.” मारेनने चर्चची व्हॅन गृहीत धरली आणि त्या उबदार समजुतीवर हिवाळाभर झोपली.

आता ती तळघरातल्या स्वयंपाकघरात उभी होती. भिंतभर ऑरिनच्या छापील पाट्या: ‘मोठ्या किटलीची तोटी उजवीकडे फिरवू नये’, ‘हा खण उघडत नाही, उघडू नये’. ओट्यावर तिने आणलेलं आईचं चौकोनी भांडं होतं, त्यात रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या. उद्यासाठी लोणी किती लागेल ते लिहून ठेवावं म्हणून तिने खोक्यातला एक चिटोरा घेतला. या चर्चमध्ये अर्धा कोरा कागद टाकून देणं म्हणजे चोरीच्या खालोखालचं पाप. जुनी छापील पानं मधोमध कापून या खोक्यात येत, आणि मागच्या बाजूवर सगळं गाव लिहीत असे.

चिटोरा साईच्या रंगाचा होता. पुस्तिकेसाठी आईने मुद्दाम मागवलेला कागद.

मारेनने तो उलटा केला. अंत्यविधीचं गीत, आईने निवडलेलं. तळाशी पानाचा आकडा: चार.

ब्रिटाने छापलेले सगळे कागद दोन्ही बाजूंनी छापलेले होते. हा मात्र मागून कोरा. उजवी कड कापणीयंत्रावर सरळ कापलेली.

ती धावत वर गेली. “ब्रिटा, तू खराब झालेला एखादा कागद खाली टाकलास?”

“एकही नाही. मोजकाच आणलाय तो कागद, आर्डिसने मला दम दिला होता.” ब्रिटाने चिटोरा हातात घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. “अगं, हे गीत. मिसेस क्विस्टना हे अजिबात नको होतं. आर्डिसचं आणि त्यांचं या गीतावरून केवढं वाजलं होतं!”

४

व्हर्ना क्विस्ट चर्चचा ऑर्गन वाजवायच्या, आणि त्याआधी आयुष्यभर गावच्या शाळेत टंकलेखन शिकवायच्या. मारेन आली तेव्हा त्या ऑर्गनपुढे बसूनच, त्याच्या पायपट्ट्या दाबायला घालायचे सरावाचे बूट काढत होत्या.

“हो, मला नको होतं ते गीत,” त्या म्हणाल्या. “पाच कडवी आणि पाचही रडकी. मी म्हटलं, आर्डिस, लोकांना जेवायचं असतं. ती म्हणाली, व्हर्ना, तुझ्या वेळी तू नाच बसव.”

“म्हणून तुम्ही काढलंत?”

“काढलंत? पुस्तिकेत आहे की ते. चौथ्या पानावर. उद्या पाचही कडवी वाजवणार आहे मी.” त्यांनी मारेनकडे रोखून बघितलं. “काय शोधतेयस तू, पोरी?”

मारेनने खिशातून चौथ्या पानाचा चिटोरा आणि नवव्या पानाच्या खुणांची छापलेली प्रत काढली. व्हर्नाबाईंनी चष्मा नाकावर घेतला. ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवत पुटपुटत मोजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनी वर्गातली चमक आली.

“ही ओळ मधोमध आणायला हाताने मोजून जागा सोडलीय. टाइपरायटरची पद्धत. कागदाच्या मध्यावर यायचं, आणि दर दोन अक्षरांमागे एक घर मागे सरकायचं. हिशेब अगदी बरोबर केलाय बघ. यंत्रावर ही ओळ बरोब्बर मध्ये आली असती.”

“मग इथे डावीकडे का झुकलीय?”

“कारण कॉम्प्युटरच्या अक्षरांमध्ये मोकळी जागा अंग चोरते. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखी जागा घेतं, इथे नाही. हे मी माझ्या प्रत्येक पोरीला कॉम्प्युटर आल्यावर परत बोलावून शिकवलं. बटण दाबा म्हटलं, मोजू नका. तुझ्या आईलाही शिकवलं. ती माझ्यापुढे गेली.”

“म्हणजे हे करणारी व्यक्ती यंत्रावर शिकली,” मारेन सावकाश म्हणाली, “पण तुमच्या वर्गात कधी नव्हती.”

“माझ्या हाताखाली गावातल्या सगळ्या बायका गेल्या. पुरुष एकही आला नाही, लाजायचे मेले.” व्हर्नाबाईंनी कागद परत दिला. “आणि ऐक. चौथ्या पानाच्या मागे लागू नकोस. तुझी आई तुला लहानपणी कागदाच्या घड्या घालून काय दाखवायची, ते आठव.”

मारेनने हातातला चिटोरा पुन्हा बघितला.

एक कोरा कागद, मधून दुमडलेला. आईचा आवाज: “पुस्तिकेतली शेजारी नसलेली पानं कागदावर शेजारी असतात. बारा पानांची असेल तर दोघांची बेरीज तेरा आली पाहिजे. एकाला हात लावलास की दुसऱ्याला लागतो.”

बारा आणि एक. अकरा आणि दोन.

चार आणि नऊ.

५

चौथं पान कुणाला हवंच नव्हतं. कुणालातरी हवं होतं ते नववं. पुसण्याआधी त्याने ते छापून घेतलं, आणि प्रिंटरने पुस्तिकेच्या सवयीप्रमाणे शेजारी चौथंही छापलं. नववं त्याने कापून ठेवून घेतलं. उरलेला अर्धा कागद फेकायला हात धजला नाही, म्हणून खोक्यात टाकला. काटकसरीने त्याचं बिंग फोडलं होतं.

पण द्वेषाने पुसणारा माणूस आधी छापून का घेईल?

मारेन तळघराचा जिना उतरू लागली. जिन्यावर पाटी होती: ‘तिसरी पायरी सांभाळा’. ती तिसऱ्या पायरीवरच थांबली. पाटीवरची ओळ मधोमध होती, पण किंचित डावीकडे झुकलेली. पुढची पाटीही तशीच. तोटीची, खणाची, सगळ्या. वर प्रिंटरवरची तीही तशीच असणार. इतकी वर्षं त्या पाट्या बघून गाव समजत होतं की भिंतीच वाकड्या आहेत.

*सैन्यात सगळ्यांना बंदूक दिली, मला टेबल दिलं.*

त्या टेबलावर काय ठेवलेलं असणार, हे तिने विचारलंच नव्हतं.

बॉयलरच्या खोलीत ऑरिन उकिडवा बसून एक नळी घासत होता. मारेनने चिटोरा त्याच्यासमोर धरला. त्याने आधी छापील बाजू बघितली, मग कोरी.

“चांगला कागद होता,” तो म्हणाला. “टाकवला नाही.”

“दुलूथला तुम्ही नेत होता तिला.”

“तिकडे पार्ट मिळतात.”

“ऑरिन.”

त्याने नळी खाली ठेवली. “बुधवारी कागद भरायला गेलो. पडद्यावर माझं नाव. मोठ्या अक्षरात वाटलं, नसेल एवढं मोठं. उद्या सगळं गाव एकदम तेच पान उलटणार आणि मी तिथे बाकावर बसलेला.” त्याने हात पुसले, परत पुसले. “शेजाऱ्याने शेजारणीला गाडीत बसवलं. यात छापायचं काय आहे?”

“मग फक्त तुमचं नाव काढायचं.”

“काढायला गेलो. एका ठिकाणचं काढलं की पुढचं वाक्य लंगडं व्हायचं. तिची वाक्यं मोडायला नको वाटलं. म्हटलं, मोडण्यापेक्षा अख्खं उचलू, निदान शाबूत तरी राहील. चार ओळींच्या पुढे वाचलंही नाही मी. दुसऱ्याचं वाचणं बरं नाही.” तो मारेनकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाला, “त्यात आणखी काय होतं ते मला खरंच माहीत नाही.”

“माझ्यासाठी होतं,” मारेन म्हणाली.  “आईचे शेवटचे शब्द. मला वाटलं, तिने लिहिलेच नाहीत.”

ऑरिनचा चेहरा उतरला. ज्याने आयुष्यभर कुणाचं एक फावडं उशिरा परत केलं नव्हतं, त्या माणसाचा चेहरा. तो उठला, गुडघे कडकडले, आणि कोटाच्या आतल्या खिशातून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेलं साईच्या रंगाचं अर्धं पान काढून त्याने तिच्या हातात दिलं.

“दुमडू नये म्हणून,” तो पुठ्ठ्यांबद्दल म्हणाला.

६

आईने म्हटलं होतं, चर्चमध्ये वाच. बॉयलरची खोलीही चर्चचीच होती. मारेन उलट्या बादलीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली, रविवारी फोनवर वाचायची तसं.

“‘ऑरिन हेग्लंड हिवाळाभर दर मंगळवारी मला दुलूथला घेऊन गेला. विचारलं तर म्हणायचा, पार्ट आणायचे आहेत. एका बॉयलरला इतके पार्ट लागत नाहीत, एवढं मला कळतं. मी आत असताना ऑरिन गाडीत बसून राहायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, बूट ओले आहेत. येताना आम्ही बोलायचो नाही. मला ताकद नसायची, आणि ऑरिनला ते सांगावं लागायचं नाही. न बोलणारी माणसं पुष्कळ भेटली. सोबत देऊन न बोलणारा हा एकच.’”

ऑरिन भिंतीकडे तोंड करून मीटर बघत होता. मीटर बंद होता.

“‘माझी मुलगी मारेन. ती समजते की ती दूर होती. दर रविवारी तिने मला एक प्रकरण वाचून दाखवलं, आणि मंगळवारी गाडीत मी गप्प बसून त्याचाच विचार करत असे. पुढे काय होईल, कोण खोटं बोलतंय. तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो, ऑरिनला माहीत नसलं तरी. शेवटचं पुस्तक अर्धं राहील असं दिसतंय. हरकत नाही. अर्ध्यावर सोडवत नाही असं काहीतरी हातात असताना जायला मिळतंय, याबद्दल मी आभारी आहे.’”

 बॉयलर घुरघुरत होता. मग मारेनने शेवटचा परिच्छेद वाचला, आणि वाचता वाचता तिच्या नाकातून एकदम हसू फुटलं.

“‘ऑरिन हे पान काढून टाकेल. मारेन, ते परत घाल. आणि पानांचे आकडे तपासून घे.’”

ऑरिन वळला. “दाखव.”

तिने दाखवलं. त्याने हात लांब करून, डोळे बारीक करून ती ओळ वाचली, दोनदा.

“हिने आधीच ओळखलं होतं,” तो म्हणाला.

“तुम्ही चार ओळींवर थांबलात. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर कष्ट वाचले असते.”

“आता तू छापणार.”

“मी काय करू? आईने सांगितलंय.”

 त्याने टोपी घातली. “मधला गठ्ठा परत छापायचा म्हणजे कागद कमी पडेल. माझ्याकडे साईच्या रंगाच्या कागदाचं एक जुनं पाकीट आहे. आणतो.”

दुपारभर मारेनने आईच्या खुर्चीत बसून आईचे शब्द एकेक करून परत टाइप केले. एंटरच्या खुणांची रांग पुसली आणि पानाच्या शेवटी एकच तुटक रेघ ओढली. महिला मंडळाच्या बायका आल्या तेव्हा मधला गठ्ठा प्रिंटरमधून गरम गरम बाहेर येत होता, आणि ऑरिन लांब दांड्याचा स्टेपलर घेऊन, कुणाच्याही नजरेला नजर न देता, पुस्तिका टाचत होता.

शनिवारी व्हर्नाबाईंनी पाचही कडवी वाजवली. नंतर एकाच वेळी सगळ्या चर्चमध्ये पान उलटल्याचा आवाज झाला, आणि मग बराच वेळ कुणी पुढचं पान उलटलं नाही. ऑरिन बाकावर नव्हता. तो खाली कॉफी बघत होता.

जेवणाला सगळे तळघरात उतरले. कुणी त्याला काही म्हणालं नाही. कुणी पाठ थोपटली नाही, कुणी हात हातात घेतला नाही. हे त्या गावचं नव्हतंच. पास्टर काहीतरी बोलणार होते, ब्रिटाने त्यांच्या हातात लोणच्याची बशी दिली. व्हर्नाबाई कप पुढे करून म्हणाल्या, “कॉफी बरी झालीय,” आणि त्या गावात याहून मोठं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं.

पण दुपारी ऑरिन आपल्या गाडीशी गेला तेव्हा दार उघडून तसाच उभा राहिला. पुढची सीट, मागची फळी, पाय ठेवायची जागा, सगळीकडे झाकलेली भांडी. बटाट्यांची, मीटबॉलची, वड्यांची. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी आणि पट्टीवर घराचं नाव. म्हणजे प्रत्येक भांडं रिकामं करून त्या त्या घरी परत द्यायला जावं लागणार होतं, आणि कुठलंही घर कॉफी पाजल्याशिवाय त्याला सोडणार नव्हतं.

मारेन शेवटचं भांडं घेऊन आली. रूबार्बच्या वड्यांचं.

“जागा नाही,” ऑरिन म्हणाला.

“मांडीवर घ्या.”

त्याने ते घेतलं आणि सवयीने तळ वर करून नाव बघितलं. ‘टॉलेफसन’, आर्डिसच्या अक्षरात. दोघंही थोडा वेळ ते बघत राहिले.

“हे कुणाला परत द्यायचं?” त्याने विचारलं.

“नाव लिहिलंय की. मी आहे थोडे दिवस. त्या पुस्तकाचा शेवट मला इथे, तिच्या खुर्चीत बसून वाचायचाय. मोठ्याने.”

ऑरिनने भांडं सीटवर, सगळ्यांच्या वर, नीट तोलून ठेवलं. गाडीत बसला, काच खाली केली, आणि समोर तळ्याकडे बघत म्हणाला, “मंगळवारी आणतो. मंगळवार माझा मोकळा असतो आता.”